छडी, माफी आणि भरपाई



मुलाला मदरशात किंवा शाळेत घालताना ‘गोश्त तुमचे, हाडे आमची’ असे उस्तादांना सांगण्याची चाल आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यामागे निर्दयता नव्हती, भरवसा होता. आजही पालक-सभेत एखादे वडीलधारे उठून म्हणतात, “सर, छडी गेली आणि शिस्तही गेली.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु इतिहासाची साक्षही आपण काढली पाहिजे.

ट्यूनिस येथे १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ साली ‘मुकद्दिमा’ लिहिला. शिक्षकाच्या कठोरपणाने होणाऱ्या नुकसानीवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. धाकात वाढलेले मूल आळशी होते आणि मार चुकविण्यासाठी खोटे बोलावयास शिकते, असे त्याचे निरीक्षण. मारणे भागच पडले तर तीन फटक्यांपलीकडे जाऊ नये, हा एका जुन्या विद्वानाचा दंडकही तो नोंदवतो. तेव्हा छडीविषयीची शंका काही विलायतेहून आलेली नाही.

आता जरा दूर, दक्षिण आफ्रिकेत चला. जोहान्सबर्गजवळ १९१० साली सुरू झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती मुले एकत्र शिकत. रमजानमध्ये मुसलमान मुलांबरोबर इतर मुलेही रोजे ठेवीत. तेथे सतरा वर्षांच्या एका दांडगट, खोटे बोलणाऱ्या मुलाला गांधीजींनी एकदा संतापून रूळ मारला. मारताना त्यांचाच हात थरथरत होता. मुलगा रडला, त्याने माफी मागितली. पण गांधीजींना त्या फटक्याचा पश्चात्ताप पुढे कायम राहिला. १९१३ साली फिनिक्स आश्रमातील दोघांच्या नैतिक घसरणीची बातमी आली, तेव्हा त्यांनी स्वतःच सात दिवस उपवास केला आणि साडेचार महिने एकभुक्त राहिले. (खरे सांगायचे तर, उपवास हाही मुलांवर एक प्रकारचा दाबच, असे मला वाटते. साठ मुलांच्या वर्गाला शिकविणाऱ्याला तो झेपणाराही नाही.)

हेच गांधीजी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी आपल्या नागपूरशेजारी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेचे अध्यक्ष होते. जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन तेथे आले होते. शाळेने स्वतःचा खर्च मुलांच्या हस्तोद्योगातून काढावा, या कल्पनेवर त्यांनी स्पष्ट इशारा दिला, की अशाने शिक्षक गरीब मुलांना राबविणारे मुकादम होतील. गांधीजींच्या समोर असे बोलण्यास हिंमत लागते. आणि योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले! पुढे मध्यप्रांतात ‘विद्यामंदिर’ या नावावरून मुसलमानांची नाराजी झाली आणि त्या वादात शिक्षणाचा मूळ विचार बाजूला पडला, ही खेदाची गोष्ट. जामियातील एक आठवण आजही सांगितली जाते. वारंवार सांगूनही मुले मळके जोडे घालून येत, तेव्हा झाकिरसाहेब ब्रश आणि पॉलिश घेऊन स्वतः दाराशी बसले.

१९७४ साली कॅनडातील एल्मायरा गावी दोन तरुणांनी बावीस ठिकाणी नासधूस केली. न्यायाधीशांनी त्यांना नुकसान झालेल्या लोकांच्या दारी पाठविले. समोर उभे राहून ऐकून घ्यायचे आणि भरपाई करायची. नवा म्हणविला जाणारा हा मार्ग आपल्याकडच्या सुलह, माफी आणि भरपाईपासून फार लांबचा नाही. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. पण छडी काढून घेतल्यावर शिक्षकाच्या हातात काय द्यायचे, हे कायदा कसे सांगणार?

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलाने दुसऱ्याची कंपासपेटी नालीत फेकली. मी फेकणाऱ्याकडून नवी पेटी आणविली, माफी मागविली आणि प्रकरण मिटले असे समजून चाललो. चार दिवसांनी दुसऱ्या मुलाचे वडील आले. “सर, तुम्ही त्याला सुधारलेत, पण माझ्या मुलाला काय मिळाले?” मजजवळ उत्तर नव्हते. मी मुलालाच विचारले, “बेटा, तुला काय हवे होते?” पहिल्यांदाच विचारत होतो. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “त्याने माझ्या अब्बांच्या हातगाडीवरून मला सगळ्यांसमोर चिडविले होते. ते त्याने सगळ्यांसमोरच परत घ्यावे.”

कंपासपेटीचे त्याने नावही काढले नाही.