सूक्ष्म परग्रहस्थांची वंशावळ

परग्रहावरचा जीव कल्पायचा म्हणजे त्याला हातपाय, अवाढव्य मस्तक आणि परमुलूख जिंकण्याची लालसा बहाल करायची, ही कथाकारांची जुनी वहिवाट असली, तरी विज्ञानकथेच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटणारा परग्रहस्थ नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. ह्या सूक्ष्म जीवाची वंशावळ तपासली असता असे आढळते की, त्याच्यातला माणूस जसजसा गळत गेला, तसतशी ही कल्पना अधिक खरी आणि अधिक उपयोगी होत गेली.

वंशावळीचा आरंभ हॉलंडमधील डेल्फ्ट नगरीत होतो. तेथील अंतोनी व्हान लेव्हेनहुक हा कापडाचा व्यापारी पितळेच्या दोन लहान पत्र्यांमध्ये मण्याएवढे एकच भिंग बसवी, सुईसारख्या टोकावर नमुना ठेवी आणि ते उपकरण डोळ्याशी भिडवून उजेडाकडे धरी. 1674 साली तळ्याच्या पाण्यात त्याला वळवळणारे जीव दिसले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीकडे त्याने धाडलेल्या पत्रांमुळे एका अज्ञात सृष्टीचा दाखला विद्वानांच्या दफ्तरी नोंदला गेला.

ह्या शोधाचा वाङ्मयीन अर्थ व्हॉल्तेअरइतका अचूकपणे त्या काळी क्वचितच कोणी ओळखला असेल. त्याच्या 1752 सालच्या ‘मिक्रोमेगास’ ह्या कथेत व्याध ताऱ्याकडचा, सव्वा लाख फुटांच्या आसपास उंचीचा एक प्रवासी, शनीवरच्या अकादमीच्या चिटणिसासह पृथ्वीवर उतरतो. त्या प्रवाशाच्या गळ्यातला हार तुटून हिरे विखुरतात आणि पैलूंच्या घडणीमुळे तेच सूक्ष्मदर्शकाचे काम करतात, असे त्यांच्या ध्यानी येते. त्या हिऱ्यातून बाल्टिक समुद्रात आधी एक देवमासा आणि मग ध्रुवप्रदेशाकडून परतणारे तत्त्ववेत्त्यांचे गलबत त्यांना दिसते. येथे सूक्ष्म परकीय प्राणी आपणच आहोत! हे इवलेसे जीव भूमितीच्या बळावर आपली उंची बिनचूक मोजतात, हे पाहून ते महाकाय पाहुणे थक्क होतात. माणसाचे क्षुद्रत्व आणि त्याच्या बुद्धीचे थोरपण एकाच प्रसंगात दाखवण्याची ही हातोटी मला अजोड वाटते.

पुढे 1858 साली फिट्झ-जेम्स ओब्रायन ह्याने जलबिंदूत वास करणारी एक लावण्यवती कल्पिली. पाणी आटताच तिचाही अंत होतो. कथा हृद्य आहे, परंतु सूक्ष्मतेचा तिथे केवळ अलंकार झाला आहे. एच. जी. वेल्सची गोष्ट वेगळी. हक्सलीच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेल्या ह्या लेखकाची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी 1897 साली मासिकातून क्रमशः निघत होती, आणि त्याच वर्षी प्लेगने गांजलेल्या मुंबईत हाफकिन ह्या जंतुशास्त्रज्ञाने आपली प्लेगवरची लस सिद्ध केली. कादंबरीत पृथ्वीच्या जंतूंनी परकीय आक्रमकांचा निःपात केला. जंतू परग्रहावरून येण्याची कल्पना मुख्य प्रवाहात रुजायला मात्र पुष्कळ अवकाश होता.

ती वेळ उपग्रहांनी आणली. नोव्हेंबर 1957 मध्ये, पहिला स्पुतनिक उडून महिना होतो न होतो तोच, जोशुआ लेडरबर्ग हा अमेरिकी जंतुशास्त्रज्ञ कलकत्त्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन ह्यांच्या घरी पाहुणा होता, आणि चंद्रग्रहणाच्या त्या रात्री झालेल्या संभाषणातून अंतराळयानांमुळे ग्रहांमध्ये होऊ शकणाऱ्या संसर्गाची चिंता त्याच्या मनात दृढ झाली. ह्या चिंतेला कथारूप दिले ते वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या मायकेल क्रायटन ह्याने. 1969 सालच्या त्याच्या ‘द अँड्रोमिडा स्ट्रेन’मध्ये उपग्रहाबरोबर आलेला एक सूक्ष्म पदार्थ ॲरिझोनातले एक खेडे ओस पाडतो, वाचतात ते केवळ सतत रडणारे एक तान्हे मूल आणि पोटाच्या व्रणासाठी ॲस्पिरिन खाणारा एक व्यसनी म्हातारा. एकाचे रक्त अल्कधर्मी झालेले, दुसऱ्याचे आम्लधर्मी, आणि त्या जंतूला मधली अरुंद पट्टीच मानवणारी, हा उलगडा वाचताना बुद्धीला जो आनंद होतो तो दुर्मीळ आहे. ह्या जीवात प्रथिने नाहीत, हेतू नाही, वैरही नाही. त्याला जाळण्यासाठी ठेवलेला अणुबाँबच त्याचे खाद्य ठरणार असतो. माणसाचा लवलेशही नसलेला परकीय जीव इतक्या समर्थपणे फारच थोड्या लेखकांनी उभा केला आहे.

त्याच वर्षीच्या जुलैत चंद्रावरून परतलेल्या तिघा वीरांना, चांद्रजंतूंच्या शंकेने, एकवीस दिवसांच्या विलगवासाचा हुकूम होता. हा बंदोबस्त अपोलो 15 ह्या चांद्रमोहिमेपासून उठवण्यात आला.

ह्या वंशावळीची एक शाखा महाराष्ट्रातही आली आहे. मराठी विज्ञानकथेचे अध्वर्यू जयंत नारळीकर ह्यांचे गुरू फ्रेड हॉयल जीवाणू अंतराळातून येतात असे प्रतिपादन करीत. त्या मताची परीक्षा घेण्याच्या नारळीकरांच्या प्रयत्नातून हैदराबादहून प्रचंड फुगे आकाशात सोडण्यात आले आणि द्रवरूप निऑनने थंड केलेल्या निर्जंतुक नळ्यांत एक्केचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतची हवा कोंडून आणण्यात आली. 2005 सालच्या उड्डाणातील नमुन्यांची तपासणी हैदराबाद व पुणे येथे होऊन तीन नव्या जीवाणूजाती हाती लागल्या. पैकी एकीला हॉयल ह्यांचे आणि दुसरीला आर्यभटाचे नाव मिळाले. त्या पृथ्वीबाहेरच्या आहेत असे निर्णायकपणे म्हणता येत नाही, असे इस्रोने 2009 साली त्यांची घोषणा करतानाच स्पष्ट केले.