वर्धा जिल्ह्याच्या वयाचे एक कलम

भोसल्यांचे राज्य खालसा होऊन आठ वर्षे लोटली असता, १८६२ साली नागपूर जिल्ह्याचा काही मुलूख तोडून वर्धा हा निराळा जिल्हा करण्यात आला, त्याची कचेरी प्रथम पुलगावजवळच्या कवठ्यास बसली आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसविलेल्या वर्धा शहरी हलली, ही हकिगत जिल्ह्याच्या इतिहासात नमूद आहे. त्याच १८६२ च्या १ जानेवारीस भारतीय दंडविधानाचा अंमल सुरू झाला, ही गोष्ट मात्र जिल्ह्याच्या इतिहासाशी जोडून कोणी सांगत नाही. पुलगाव-आर्वीची अरुंद रुळांची आगगाडी याच जिल्ह्यातील रोहणा गावावरून जाऊ लागण्यास १९१७ साल उजाडावे लागले. दंडविधान त्याच्या अर्धशतकाहून आधी तेथल्या रयतेवर लागू झाले होते, आणि त्यात ३७७ वे कलम होते.

प्रकृतिक्रमाविरुद्धच्या समागमास जन्माचे काळे पाणी अथवा दहा वर्षांपर्यंत कैद, असे हे कलम फर्मावीत असे. समागम उभयतांच्या राजीखुशीचा होता की बळजबरीचा, याची ते चौकशीही करीत नसे. मेकॉलेने १८३७ च्या मूळ मसुद्यात या विषयाची दोन कलमे घातली तेव्हा त्यांवर टीप लिहिण्याचेही टाळले, कारण अशा गोष्टीची जाहीर चर्चाच होऊ नये असे त्याचे मत होते. ज्या अपराधाचे वर्णन करण्याची कायदेकर्त्यास लाज वाटते, त्याच अपराधासाठी माणसास समुद्रापार धाडण्याची मात्र त्यास लाज वाटत नाही, हा न्याय मला तरी कधी उमगलेला नाही.

या कलमाचे मूळ आपल्या धर्मशास्त्रात शोधू जाणे व्यर्थ आहे. आपले स्मृतिकार दयाळू होते असे नव्हे. मनुस्मृतीत स्त्रियांच्या अशा संबंधास कठोर शिक्षा आहेत आणि पुरुषांचा संबंध एके ठिकाणी जातिभ्रंशकर ठरविला आहे. तथापि त्याच ग्रंथात अन्यत्र पुरुषास सांगितलेले प्रायश्चित्त सचैल स्नानाचे, म्हणजे अंगावरच्या वस्त्रांनिशी आंघोळ करण्याचे आहे. आंघोळ आणि काळे पाणी यांतले अंतर कोणाच्याही ध्यानी येईल. कलमाचा वंश लागतो तो इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्याशी, ज्याने ख्रिस्ती धर्मपीठाकडील हा विषय राजाच्या फौजदारीत आणून त्यास देहान्त शासन ठरविले. गोव्यात तर पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनने हे पाप आपल्याच अधिकारकक्षेत ठेवले होते.

परंतु ज्या धर्माच्या नावे हा दंड उभारला गेला, त्या धर्माच्या ग्रंथात व्यभिचारात धरून आणलेल्या स्त्रीभोवती हाती धोंडे घेऊन उभ्या राहिलेल्या जमावास ख्रिस्ताने जे सांगितले, तेही आहेच. आणि त्याची आठवण प्रथम गंभीरपणे झाली ती धर्मोपदेशकांनाच. डेरिक शेर्विन बेली या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १९५५ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की बायबलातील सदोम नगराचे पाप आतिथ्यभंगाचे होते आणि समलिंगी संबंधाशी त्याची सांगड पुढच्या पिढ्यांनी घातली. यहेज्केल संदेष्टा तर सदोमचा दोष गर्व, अन्नाची चंगळ आणि दीनदुबळ्यांची उपेक्षा असा सांगतो, हे बायबल उघडून कोणीही पाहावे. पुढे इंग्लंडात या कायद्याच्या फेरविचाराचा १९५७ चा वुल्फेंडन अहवाल आला, कँटरबरीचे आर्चबिशप रॅम्से यांनी कायदा सैल करण्यास पाठिंबा दिला आणि १९६७ मध्ये इंग्लंडने आपला कायदा बदलला. येथे मात्र त्याची उतरलेली झूल आपण अंगावर वागवीत राहिलो, आणि तिलाच आपली संस्कृती म्हणू लागलो!

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांचे संमत संबंध या कलमातून वगळले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धावलेल्यांत अन्य धर्मीयांबरोबर काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. उलट, रोहण्यापासून फार दूर नसलेल्या नागपुरात जिचे मुख्यालय आहे, त्या भारतातील चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेने मानवी लैंगिकतेविषयी चर्चांत विचारविनिमय घडविण्याचे काम हाती घेतले. सर्व सभासद चर्चांचे यावर एकमत झाले, असे मात्र कोणी समजू नये. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केले, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहास विरोध कायम ठेवूनही, चर्च अशा व्यक्तींना गुन्हेगार मानीत नाही असे जाहीर केले. हे अर्धेच पाऊल होते. परंतु धर्मपीठ आणि तुरुंग यांची १५३३ पासूनची सोयरीक त्याने तोडली, आणि त्या दृष्टीने मी ते मोठे मानतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने प्रौढांचे संमत संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. त्याच न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे मात्र नाकारून तो प्रश्न कायदेमंडळाच्या कक्षेतला ठरविला. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि वर्धा जिल्ह्याच्या वयाचे ते कलम तिच्यात घेण्यात आलेले नाही.