अर्जाखालची अट

राजकीय कैदी सुटावा म्हणून मान्यवरांच्या सह्या गोळा करायच्या आणि तो कागद सरकारदरबारी धाडायचा, हा रिवाज मराठी मुलखात ठळकपणे दिसतो तो 1898 साली. कैदी होते टिळक. सप्टेंबर 1897 मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी त्यांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली होती. ज्युरीतले सहा युरोपियन दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे अ‍ॅस्क्विथसारखा वकील उभा राहिला, तरी अपील दाखल करून घेतलं गेलं नाही. कायद्याची दारं बंद झाली, तेव्हा अर्ज पुढे आला.

त्या अर्जावरच्या सह्या पाहण्यासारख्या आहेत. ऑक्सफर्डचे मॅक्सम्युलर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त. यांतल्या मॅक्सम्युलरांना टिळकांच्या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना ठाऊक होता तो ‘ओरायन’ लिहिणारा वेदाभ्यासक, आणि तुरुंगातल्या या अभ्यासकाला त्यांनी आपल्या ऋग्वेदाची प्रतही पाठवली. अर्जाचा सूरही तोच: माणूस निर्दोष आहे असा दावा नाही, विद्वान आहे तेव्हा दया करा, एवढंच. ही युक्ती धूर्त होती असं मला वाटतं. निकाल चुकला असं सरकारला कबूल करावं लागत नव्हतं, फक्त उदार व्हायचं होतं.

सरकार उदार झालं, पण फुकट नाही. 6 सप्टेंबर 1898 च्या रात्री टिळक येरवड्यातून सहा महिने आधी सुटले ते दोन अटी मान्य करून. सुटकेबद्दल किंवा शिक्षेबद्दल होणाऱ्या कोणत्याही सत्कार-समारंभात भाग घ्यायचा नाही, आणि पुन्हा सरकारविरुद्ध अप्रीती पसरवायची नाही. दुसरी अट मोडली तर उरलेले सहा महिने भरून द्यायचे. म्हणजे सुटका पुरती झालीच नाही. शिल्लक शिक्षा सरकारच्या खिशात राहिली.

हे काही हिंदुस्थान सरकारचं खास डोकं नव्हे. आयर्लंडमध्ये 1869 पासून फेनियन, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या क्रांतिकारक, कैद्यांच्या माफीसाठी प्रचंड सभा भरत होत्या. ओ’डोनोव्हन रॉसा तर तुरुंगात असतानाच टिपरेरीतून पार्लमेंटवर निवडून आला, आणि निवड रद्द झाली. 1871 च्या जानेवारीत त्याला नि त्याच्या साथीदारांना सोडलं ते देश सोडून जाण्याच्या अटीवर. ‘क्यूबा’ नावाच्या बोटीने ते न्यूयॉर्कला उतरले. लोकांनी रेटा लावायचा, सरकारने सोडायचं आणि सोडताना दोरी आपल्या हातात ठेवायची, हा शिरस्ता तिथेच बसला होता.

1908 साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा पद्धत पालटली. मॅक्सम्युलर वारले होते. दादासाहेब खापर्डे लंडनला जाऊन बसले, पण खरा आवाज मुंबईतून उठला. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षामागे एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. सरकार हललं नाही. टिळक मंडालेहून परतले ते 1914 च्या जूनमध्ये, शिक्षा जवळजवळ पुरी भोगून.

या कुळात उल्हासनगरचाही एक धागा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि 1949 मध्ये छावणीला हे नवं नाव मिळालं. या माणसांनी सिंधमधून आणलेल्या आठवणींत हेमू कलाणीची आठवण होती. सक्करजवळ रेल्वेचे रूळ उखडताना 1942 च्या ऑक्टोबरात पकडला गेलेला हा पोरगा. लष्करी न्यायालयाने फाशी ठोठावली, सिंधमधल्या प्रतिष्ठितांनी व्हाइसरॉयकडे दयेचा अर्ज केला. उत्तर आलं: साथीदारांची नावं सांगितली तर विचार करू. हेमूने नावं सांगितली नाहीत. 21 जानेवारी 1943 रोजी त्याला फाशी झाली, वय एकोणीस. टिळकांपुढची अट भविष्याबद्दल होती, हेमूपुढची मित्रांबद्दल. एकाच रिवाजाची ही दोन टोकं.

अट नसलेली सुटका बघायची तर मोहन रानड्यांची. गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचा हा कार्यकर्ता 1955 मध्ये पकडला गेला आणि पुढे पोर्तुगालमधल्या काशियशच्या किल्ल्यात कोंडला गेला. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी मायदेशी परतले आणि रानडे तिथेच राहिले. ही आपल्या मुत्सद्देगिरीची मोठी चूक होती, हे म्हणायला आज हरकत नसावी. सुटकेच्या खटपटीत सुधीर फडके पुढे होते, तेच ते ‘गीतरामायणा’चे गायक-संगीतकार. 1968 मध्ये मद्रास राज्याचे (आजच्या तमिळनाडूचे) मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले तेव्हा त्यांनी रानड्यांसाठी शब्द टाकला. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. अट घालायला पोर्तुगालपाशी काही उरलंच नव्हतं, गोवा हातचा गेला होता. पुढच्याच महिन्यात अण्णादुराई वारले. त्यांचे आभार मानायचं राहूनच गेलं.

आता अलीकडचं उदाहरण. अंबरनाथ-बदलापूरच्या पश्चिमेचे डोंगर ओलांडले की तळोज्याचा तुरुंग. भीमा कोरेगाव प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी 2020 मध्ये तिथे होते. कंपवातामुळे पेला धरता येत नाही म्हणून त्यांनी नळीचा पेला मागितला, तेव्हा लोकांनी सह्यांऐवजी तसले पेलेच पाठवायला सुरुवात केली. 5 जुलै 2021 रोजी ते मुंबईच्या रुग्णालयात वारले, जामिनाची वाट पाहता पाहता.

जामीन म्हणजे सुटका नव्हे, पण अटींचा इतिहास बघणाऱ्याने जामिनाचे आदेशही वाचावेत. याच प्रकरणात जुलै 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुण फरेरा आणि व्हर्नन गोन्साल्विस यांना जामीन दिला. परवानगीशिवाय महाराष्ट्राबाहेर जायचं नाही, पासपोर्ट जमा करायचा, प्रत्येकाने एकच मोबाईल बाळगायचा, तो सदैव चार्ज ठेवायचा, आणि आपण कुठे आहोत हे त्यावरून तपास अधिकाऱ्याला चोवीस तास दिसेल अशी व्यवस्था ठेवायची.