गुडघ्याच्या गुणपत्रिकेची कुळकथा

अस्थिशल्यचिकित्सेत एम.एस. करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, आणि सांध्याच्या शस्त्रक्रियेवरचा प्रबंध असेल तर शेवटाकडे एक तक्ता हमखास येतो. इतके रुग्ण ‘उत्कृष्ट’, इतके ‘चांगले’, इतके ‘बरे’, उरलेले ‘असमाधानकारक’. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) असो की सावंगी मेघेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९९०), वर्धा जिल्ह्यातल्या या दोन्ही ठिकाणी येणारा रुग्ण बहुतांशी खेड्यातला, शेतीवर राबणारा. त्याचा खुबा किंवा गुडघा कोणत्या रकान्यात जायचा हे एक छापील गुणपत्रिका ठरवते. या गुणपत्रिकेचे कूळ बॉस्टनचे. शाखा कॅनडात, ऑक्सफर्डला आणि स्वीडनमध्ये. संशोधनाचा दर्जा म्हटला की आपण रुग्णसंख्या, तुलनागट, सांख्यिकी आणि नियतकालिकाचा मान यांवर बोलतो. ज्या मापाने मोजले ते माप कोणाच्या जगण्यावर बेतले होते, हे क्वचितच विचारतो. माझ्या मते हा प्रश्न त्या सगळ्यांच्या आधीचा आहे, आणि गुणपत्रिकेचे कूळ तपासले की तो टाळता येत नाही.

अर्नेस्ट एमरी कॉडमन हा या कुळाचा मूळपुरुष. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला हा शल्यविशारद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधी मागणी करू लागला : प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवा, त्यावर तक्रार, निदान, उपचार आणि गुंतागुंत लिहा, वर्षभराने त्याला पुन्हा गाठा, गुण आला का ते पाहा आणि आला नसेल तर का नाही ते नोंदवा. ही मागणी सहकाऱ्यांना झोंबली. बढत्या सेवाज्येष्ठतेने मिळाव्यात की रुग्णांना आलेल्या गुणावरून, या वादात त्याने १९१४ साली इस्पितळ सोडले. पुढच्याच जानेवारीत भर सभेत त्याने एक व्यंगचित्र उघडून दाखवले : वाळूत डोके खुपसलेला शहामृग म्हणजे शहरातले धनिक रुग्ण, आणि त्याने घातलेली सोन्याची अंडी वेचणारे वैद्यकातले धुरीण. कॉडमनची पदे गेली. हट्ट गेला नाही. स्वतःच्या छोट्या इस्पितळातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने छापला आणि त्यात १२३ चुका स्वतःहून मांडल्या. ‘अंतिम परिणाम’ या त्याच्या कल्पनेचे दोन भाग होते. शस्त्रक्रियेचे यश रुग्णाला झालेल्या फायद्यावर मोजायचे, हा पहिला. एकही रुग्ण नजरेआड होऊ द्यायचा नाही, हा दुसरा. पुढच्या पिढ्यांनी पहिल्या भागाला आकड्यांची धार लावली. दुसरा मात्र हळूहळू सुटत गेला.

त्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम हॅरिस यांनी १९६९ साली, म्हणजे सेवाग्रामचे महाविद्यालय उघडले त्याच वर्षी, खुब्याची शंभर गुणांची पत्रिका प्रसिद्ध केली. निबंधाच्या शीर्षकात कॉडमनचाच ‘अंतिम परिणाम’ होता. आजही खुब्यावरच्या प्रबंधांत हॅरिस गुणांक सर्रास दिसतो; नव्वद आणि वर उत्कृष्ट, सत्तरच्या खाली असमाधानकारक. पण शंभर गुणांची वाटणी जवळून पाहावी. वेदनेला ४४ गुण, हे रास्तच. चालण्याच्या अंतराला ११ गुण, आणि हे अंतर मोजले आहे शहरातल्या रस्त्यांच्या चौकटींत : सहा चौकटी चालता आल्या तर आठ गुण, दोन-तीन चालता आल्या तर पाच. जिना चढण्याला ४, पायमोजे आणि बूट घालण्याला ४, साध्या खुर्चीत तासभर आरामात बसण्याला ५, सार्वजनिक वाहनात चढण्याला १. जमिनीवर बसणे आणि तिथून उठणे याला एकही गुण नाही. पुढे १९८९ साली अमेरिकेतल्या नी सोसायटीने गुडघ्याची पत्रिका केली. तिच्या कार्यक्षमतेच्या भागात शंभरपैकी ५० गुण चालण्याला आणि ५० जिन्याला. गुडघा वाकण्याला पाच अंशांमागे एक गुण, पण २५ गुणांवर, म्हणजे १२५ अंशांवर मोजणी थांबते. उकिडवे बसायला गुडघा त्याच्या बराच पुढे वाकावा लागतो. मोजणी जिथे संपते तिथूनच आपल्याकडच्या बसण्या-उठण्याला सुरुवात होते.

या पत्रिकांत गुण देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा बहुधा एकच असे. ही खोड ओळखून पुढच्या शाखांनी प्रश्न थेट रुग्णाला विचारायला सुरुवात केली. कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारियो आणि मॅकमास्टर या विद्यापीठांच्या नावाने ओळखली जाणारी ‘वोमॅक’ प्रश्नावली निकोलस बेलामी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली : वेदनेचे ५, आखडण्याचे २ आणि हालचालींचे १७, असे २४ प्रश्न. ऑक्सफर्डची बारा प्रश्नांची गुडघ्याची प्रश्नावली १९९८ सालची. पद्धत म्हणून हे पाऊल मोठेच, पण प्रश्नांचे वळण जुने राहिले. वोमॅक विचारते ते मोटारीत बसण्या-उतरण्याबद्दल, आंघोळीच्या टबात शिरण्या-निघण्याबद्दल, बाजारहाटाबद्दल आणि पायमोज्यांबद्दल. क्रीडावैद्यकातही तेच. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडू कुठल्या पातळीवर परतला हे सांगणारी टेग्नर मोजपट्टी १९८५ साली स्वीडनमध्ये तयार झाली. तिच्यात आइस हॉकी आहे, बर्फावरचे स्कीइंग आहे, आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसलेला बँडी हा खेळसुद्धा आहे. कबड्डी आणि खो-खो नाहीत. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले देशी खेळ १९३६ सालीच बर्लिनला नेऊन दाखवले होते. मोजपट्टी करणाऱ्यांपर्यंत ते पोचले नाहीत. यात स्वीडिश डॉक्टरांचा काही दोष नाही, त्यांनी आपल्या रुग्णांसाठी माप केले. चढाईत एका पायावर अंग फिरवून निसटणाऱ्या खेळाडूला त्या मापात अंदाजाने कुठेतरी बसवून ‘पूर्ववत खेळू लागला’ असे लिहिणारे आपण.

आता वर्ध्याकडे पाहू. निंदणाला बसलेली बाई खुरपे हातात घेऊन उकिडवी बसते आणि तशीच ओळीने पुढे सरकते. दिवसभराचा रोज त्या बसण्यावर मिळतो. कापूस वेचताना ती कमरेत वाकते, सोयाबीन सोंगताना पुन्हा खाली बसते. घरी चूल, भाजी चिरणे, धुणे, संडास, पंगत, भजन हे सारे जमिनीलगत. शस्त्रक्रियेनंतर ती विनाकाठी हवी तितकी चालू लागली, दुखणे थांबले, दोन पायऱ्या चढू लागली, तर कागदावर ती ‘उत्कृष्ट’. निंदणाला मात्र ती जाऊ शकत नाही, आणि घरची मिळकत तेवढ्याने कमी होते. याउलट, नव्वद गुण न मिळालेला एखादा शेतमजूर काठी टेकत का होईना पण खाली बसून उठू शकत असेल, तर स्वतःच्या हिशेबात तो जास्त बरा झालेला असतो. ही उणीव भरून काढता येते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी वोमॅकची भारतीय आवृत्ती केली. उकिडवे बसणे, मांडी घालणे, भारतीय पद्धतीचा संडास वापरणे यांना तिच्यात जागा दिली. याच गटाने १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती, त्यामुळे खेड्यातला रुग्ण काय सांगतो हे त्यांना ठाऊक होते. ‘पुणे आवृत्ती’ म्हणून ती पुढे औषधांच्या चाचण्यांत वापरली गेली. मूळ अमेरिकी नी सोसायटीनेही २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या पत्रिकेत उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे हे प्रश्न घेतले. म्हणजे माप बदलते, बदलता येते.

यावर पहिला आक्षेप असा : प्रत्येकाने आपापली पत्रिका केली तर वर्ध्याच्या निष्कर्षांची तुलना बॉस्टनशी कशी करणार? आक्षेप खरा आहे, पण त्यातून जुनी पत्रिका टाकू नये एवढेच सिद्ध होते. तिच्या जोडीला दुसरी ठेवता येते, आणि दोहोंत फरक पडला तर तो फरक हाच निष्कर्ष असतो. शिवाय ज्या गोष्टीला दोन्हीकडे सारखे महत्त्व नाही तिची तुलना आकडे सारखे दिसले म्हणून खरी होत नाही. अट एवढीच की नवी पत्रिका घाईने जुळवलेली नसावी. तोच रुग्ण काही दिवसांनी विचारल्यावर तेच उत्तर देतो का, प्रकृतीतला बदल गुणांत उमटतो का, विचारणारा बदलला तर गुण बदलतात का, हे तपासल्याशिवाय ती वापरू नये. वाचता न येणाऱ्या रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावे लागतात, म्हणून ही तपासणी आपल्याकडे आणखी काटेकोर हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : आपल्या संशोधनाचे खरे दुखणे तुलनागट नसणे हे आहे, पत्रिका बदलून काय होणार? अमेरिकेत ह्यूस्टनला ब्रूस मोझली यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली चाचणी या आक्षेपाची सर्वात भक्कम साक्ष. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई करण्याची शस्त्रक्रिया तेव्हा जोरात होती आणि रुग्ण बरे वाटते असे सांगत. मोझलींनी १८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून करावी तशी वाटणी केली. काहींच्या त्वचेवर फक्त छेद घेतले, आत काहीच केले नाही. दोन वर्षांनी गटांत फरक निघाला नाही. तुलनागटाशिवाय हे कधीच कळले नसते, हे मान्य. पण याच चाचणीसाठी संशोधकांना गुडघ्याच्या वेदनेची स्वतःची मोजपट्टी तयार करावी लागली होती. फरक खरा की भासाचा हे तुलनागट सांगतो. तो फरक कशातला, हे मोजपट्टी ठरवते. एकीचे काम दुसऱ्याने भागत नाही.

तिसरा आक्षेप नोंदवहीवाल्यांचा. स्वीडनने १९७५ साली गुडघेबदलाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. बसवलेला सांधा पुन्हा काढावा लागला की नाही, एवढा एकच रोकडा प्रश्न. मग प्रश्नावल्यांचा गुंता हवा कशाला? अशा नोंदवह्यांचे मोल कमी नाही. धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनच्या नोंदवह्यांतल्या आकड्यांमुळेच संशयात आला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला होता आणि त्यांतल्या बहुसंख्यांचा पुढे पत्ताच लागला नाही. इथेच नोंदवहीची मर्यादा कळते. पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर आलेलाच तिच्यात अपयशी ठरतो. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा येण्याचे पैसे नाहीत, जो दुखणे घेऊन घरी बसला, तो नोंदवहीत यशस्वी म्हणून राहतो. जितका रुग्ण गरीब, तितका हा आकडा फसवा.

शेवटचा आक्षेप शल्यविशारदांचा असतो : कृत्रिम गुडघा बसवल्यावर खाली बसू नका असे आम्हीच सांगतो, मग जे करायला मना केले त्याचे गुण कसले? याच कारणासाठी ते मोजले पाहिजे. मनाई हीसुद्धा उपचाराची किंमत आहे, आणि ती किंमत रुग्णाला आधी कळायला हवी. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली; रुपयांचा हिशेब इतका चोख झाला, पण शस्त्रक्रियेनंतर शेतात परत जाता येते का, हा हिशेब कोणत्या फलकावर नाही. दुसरे असे की ‘जास्त वाकणारे’ महागडे सांधे आशियाई ग्राहकाचे नाव घेऊनच विकले गेले. कोरियात ५० रुग्णांच्या एका गुडघ्यात नेहमीचा आणि दुसऱ्यात असा सांधा बसवून केलेल्या चाचणीत (२००५) वाकण्यात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. असे दावे पारखायचे तर वाकणे आणि बसणे मोजणारे माप आधी हाती हवे.

राहिला कॉडमनच्या कल्पनेचा सुटलेला भाग : एकही रुग्ण नजरेआड होऊ न देणे. प्रबंधांत ‘पाठपुराव्याला न आलेले’ म्हणून जे वगळले जातात त्यांच्यात पूर्ण बरे झालेले असतात आणि पार निराश झालेलेही. त्यांना वगळून काढलेली टक्केवारी, पत्रिका कितीही अचूक असली तरी, लंगडीच. या बाबतीत वर्धा जिल्ह्याची स्थिती बॉस्टनपेक्षा बरी म्हणावी लागेल. सेवाग्रामला वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी तिथे शिबिराला राहतात आणि वाटून दिलेल्या घरांकडे पुढेही जात राहतात. गावकऱ्यांनी ज्वारीच्या रूपात वर्गणी भरून चालवलेली आरोग्यविम्याची योजनाही याच परिसरातली. म्हणजे घर माहीत आहे, माणूस माहीत आहे आणि तिथवर जाणारा विद्यार्थी आहे. शस्त्रक्रियेला वर्ष झाले की असा विद्यार्थी, शस्त्रक्रिया न केलेला आणि गुणांत स्वतःचा काही स्वार्थ नसलेला, पुणे आवृत्तीसारखी तपासलेली प्रश्नावली घेऊन रुग्णाच्या घरी जाऊ शकतो आणि जुनी पत्रिकाही शेजारी भरू शकतो. त्याला नवे यंत्र लागत नाही, मोठे अनुदानही लागत नाही. लागते ती मार्गदर्शकाची एक अट : प्रबंधातल्या तक्त्याखाली दोन ओळी सक्तीच्या कराव्यात. किती रुग्ण प्रत्यक्ष भेटले, ही एक. त्यांतले किती जण आपल्या कामावर परतले, ही दुसरी. या दोन ओळी कोऱ्या असतील तर वरच्या तक्त्यातल्या ‘उत्कृष्ट’ला परीक्षकाने गुण देऊ नयेत.