डोहाळे आणि मत

आपल्या धाराशिव जिल्ह्यात पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज पूर्वापार चालत आला. सुईण, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, पाचवीला सटवाईचे पूजन, अशी बाळंतिणीची निगा यथासांग होई. गर्भारणीचे डोहाळे पुरविले जात; परंतु प्रसूती कोठे व कोणाच्या हातून व्हावी, हे वडीलधारी मंडळी ठरवीत. पुरुष वैद्यापुढे लाजून ती दुखणे अंगावर काढी. हीच अडचण जाणून आनंदीबाई जोशी अमेरिकेत गेल्या व १८८६ साली प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या. आपल्या जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिकविले. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या. गावच्याच बाईपाशी सुना मोकळेपणी बोलू लागल्या. ज्ञातिबंधुभगिनींनो, सुनेला डोहाळे विचारतो तसे तिचे मतही विचारावे, एवढीच आमची विनंती.