बेचाळिसाव्या दिवसानंतर

पुढची खोली भिवंडीत कामतघरला आहे, पण ती कुठल्या एका कुटुंबाची नाही. जोरात हलवल्यामुळे मेंदूला इजा झालेल्या तान्ह्या बाळांबद्दल डॉक्टरांनी जे नोंदवून ठेवलं आहे, तेच इथे एका दिवसाच्या घड्याळावर मांडलं आहे. बाळ 51 दिवसांचं.

नऊ दिवस आधी. आशाताईंची शेवटची भेट. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी येतात. वजन, ताप, नाळ, अंगावरचं दूध सगळं पाहून झालं. पुढची भेट तिसऱ्या महिन्यात. बाळाचं रडणं मात्र दुसऱ्या आठवड्यापासून चढत जातं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात टोकाला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. ऐन टोकाच्या दिवसांत वहीत कोणाचीच भेट नाही.

सकाळी 7:30. आई माणकोलीच्या गोदामात पॅकिंगला निघते. बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावू नये, हा कायदा पाळला गेलाय. 26 आठवड्यांची पगारी रजाही त्याच कायद्यात आहे, पण ठेकेदाराकडे ती मागायची कोणी? 50 किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला पाळणाघराची सोय 2017 पासून बंधनकारक आहे. बाळ शेजारच्या मावशींकडे राहतं. मावशींची बारावीतली भाची मदतीला आहे.

दुपारी 1. बाटली संपते. बाळ झोपतं.

3:30. रडणं सुरू. भाची लंगोट बदलते, दूध देते, ढेकर काढते, बेंबीला हिंग लावते. मावशी मीठ-मोहरीने दृष्ट काढतात. पलीकडच्या गाळ्यात माग खडखडत असतात.

4:30. लाइट गेले. मावशी रेशनच्या रांगेत. झोळी हलतेय आणि बाळ किंचाळतंय. इथे एक गैरसमज काढून टाकू. झोळीच्या झोक्याने किंवा मांडीवर खेळवल्याने ही इजा होत नाही. भिवंडीच्या खड्ड्यांतून रिक्षाने नेल्यानेही नाही, तसं असतं तर या गावात एक मूल धड राहिलं नसतं.

5:15. बाळाच्या आईला फोन. "काकी, हा गप्पच बसत नाहीये."

"येते गं बाई, आठला सुटते. खांद्यावर घे त्याला."

मुलीने आतापर्यंत जे केलं ते सगळं बरोबर केलं. एकच गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती: सगळं करूनही बाळ रडत राहू शकतं, त्यात तिची चूक नसते आणि बाळाला ताप नसेल, पोट भरलेलं असेल तर त्याला पाठीवर सुरक्षित निजवून दहा मिनिटं दाराबाहेर उभं राहायला हरकत नाही.

5:40. ती बाळाला दोन्ही काखांत धरून उचलते आणि ओरडते, "गप्प बस!" पाचेक सेकंद.

या वयात डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं आणि मान त्याला सावरू शकत नाही. डोकं पुढे-मागे हिसडलं की कवटीच्या आतल्या आवरणाला मेंदूशी जोडणाऱ्या बारीक शिरा तुटतात. मेंदूभोवती रक्त साकळतं, मेंदू सुजतो, डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव होतो.

5:41. बाळ गप्प. भाचीला वाटतं, झोपलं एकदाचं. सगळ्यात घातक क्षण हाच. उपाय लागू पडला असं वाटतं, म्हणून काही ठिकाणी तो पुन्हा पुन्हा केला जातो.

रात्री 8:45. बाळ अंगावर पीत नाही. एक उलटी. अंगावर कुठेही वळ नाही, म्हणून पोट बिघडलं असेल असं ठरतं.

11:10. झटका. टाळू फुगलेली. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, तिथून कळव्याचं रुग्णालय.

2:30. सीटी स्कॅन. मेंदूभोवती रक्त.

लगेच कोणाकडे बोट दाखवू नये. व्हिटॅमिन केच्या कमतरतेने किंवा रक्त न गोठण्याच्या आजारानेही तान्ह्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. हलवण्याचा अशा रक्तस्रावाशी संबंध 1971 साली मांडणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक नॉर्मन गुथकेल्च यांनीच उतारवयात, नुसत्या अशा खुणांवरून लोकांना दोषी धरू नका, असं बजावलं होतं.

शिकवून फरक पडतो का? न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात 1998 पासून प्रसूतिगृहातच आईवडिलांना बाळाला जोरात हलवण्याचे धोके समजावून सांगितले, त्यांच्या सह्या घेतल्या. साडेपाच वर्षांत अशा घटना 47 टक्क्यांनी घटल्या. पुढे पेनसिल्व्हेनियात तीच पद्धत वापरली, तेव्हा मात्र घट दिसली नाही. मला वाटतं, आईवडिलांना सांगून भागत नाही, कारण संध्याकाळी पाच वाजता बाळ अनेकदा दुसऱ्याच कोणाच्या हातात असतं. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा सगळीकडून कॅमेऱ्यांचीच मागणी झाली. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो.

आशाताईंनी 42व्या दिवशी एक प्रश्न वाढवावा: उद्यापासून बाळ कोण सांभाळणार? जी कोणी असेल, मावशी, आजी, बारावीतली भाची, तिला समोर बसवून दहा मिनिटं बोलावं. अंगणवाडी सेविका, नर्सिंग आणि डी.एल.एड.च्या विद्यार्थिनींना हे आधी शिकवावं. आणि तुमच्या चाळीत सात आठवड्यांचं बाळ संध्याकाळी रडत असेल, तर दार वाजवा आणि म्हणा, "दे जरा इकडे, तू चहा घे."