शहापूर-मुरबाडकडील कोयती : दप्तराबाहेरील एका हत्याराचा विचार

शस्त्रसंग्राहकांच्या घरीं तरवार, कट्यार, दांडपट्टा हीं जपून ठेविलेलीं आढळतात. परंतु ज्या पात्यानें रोजचें अन्न चिरलें गेलें तें पातें जपलेलें सहसा दिसत नाहीं. दप्तरांतहि तीच स्थिति आहे. मराठी राज्याचे जे अठरा कारखाने सांगतात त्यांत शस्त्रांचा कारखाना निराळा व मुदपाकखाना निराळा. लढण्याचें पातें एका खात्यांत गेलें, स्वयंपाकाचें दुसऱ्या. जें पातें एकाच मनुष्याच्या कमरेस राहून रानांत लांकूड तोडी व तेथेंच अन्नहि चिरी, त्यास या दोहोंपैकीं कोठेंच जागा नव्हती. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कोयती हें अशा जातीचें हत्यार होय. तिचा इतिहास कागदांत न शोधतां तिच्या कामांत शोधिला पाहिजे, एवढेंच येथें मांडावयाचें आहे.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशीं आहेत. शहापुरांतील माहुलीचा किल्ला १६३६ सालच्या शहाजी राजांच्या तहामुळें इतिहासज्ञांस परिचित आहे. मुरबाडकडून वर चढणाऱ्या नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिकेच्या लेखांत यज्ञांची व दक्षिणेची यादी कोरलेली आहे. राजकुलाचें दान दगडावर राहिलें. घाटाखालच्या ठाकूर, कातकरी व महादेव कोळी लोकांच्या कमरेचें हत्यार त्या मानानें अनुल्लेखितच राहिलें. कोयती म्हणजे लहान कोयता. पातें टोंकाकडे आंत वळलेलें, धार आंतल्या बाजूस, मूठ लांकडाची. कमरेमागें बांधलेल्या आकडींत ती अडकविली म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. ज्या पोषाखास खिसा नाहीं त्याची खिशांतील सुरी ती हीच.

घरांतील विळीशीं तुलना केली असतां तिचें वैशिष्ट्य ध्यानीं येतें. विळीचें पातें पाटास जखडलेलें असतें. भाजी पात्याकडे न्यावी लागते. म्हणून विळीस घर पाहिजे, जमीन पाहिजे, बसावयास सवड पाहिजे. कोयती स्वतःच अन्नाकडे जाते. पहिल्या पावसानंतर शेवळें उगवतात. त्यांच्या आंतील दांड्याचा खालचा पिवळसर भाग खाजरा असल्यानें काढून टाकावा लागतो, व भाजींत काकडाचीं आंबट फळें घालतात. कडू करांद्यांच्या पातळ चकत्या करून, त्या उकडून व पाण्यांत ठेवून कडूपणा घालवितात. बांबूच्या कोंबाचीं वरचीं सालें सोलून, गाभा बारीक चिरून भिजत घालतात. या तिन्ही ठिकाणीं पात्याचें काम केवळ तुकडे करण्याचें नाहीं. खाद्य व अखाद्य यांची सीमा आंखण्याचें आहे. ती सीमा चुकली तर घसा खाजतो, क्वचित् अन्नच टाकावें लागतें. ही विद्या हातांत असते, ग्रंथांत नसते.

शब्दांचा पुरावाहि विचारार्ह आहे. चाकू फारसींतून आला. सुरी संस्कृत क्षुरिकेपासून. कलमतराश हा शब्दहि फारसीच. त्या लहान सुरीनें बोरू तासला जाई, म्हणजे आपण जमवितों त्या पोथ्यांचा आरंभहि एका लहानशा पात्यापासूनच होतो. अडकित्त्यांत कानडी ‘अडके’ म्हणजे सुपारी आहे, आणि कोयत्याचा संबंध कापणें या अर्थाच्या कानडी ‘कोय्’ धातूशीं दिसतो. लेखणीचें पातें फारसी नांव घेऊन आलें. रानाचें पातें त्याहून निराळ्या वाटेनें आलें.

सरकारनें हत्यारांच्या याद्या केल्या त्या वेगळ्याच हेतूनें. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यांत तरवार, खंजीर, भाला यांबरोबर धनुष्यबाणांचाहि उल्लेख आला. १९५९ च्या कायद्यानें केवळ घरगुती अथवा शेतकी उपयोगासाठीं बनविलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येबाहेर ठेविल्या. म्हणजे घरगुती पात्याची ओळख कायद्यानें केली ती ‘शस्त्र नव्हे’ अशा नकारानेंच.

जुनी कोयती संग्रहास दुर्मिळ होण्याचें कारण उघड आहे. तरवार म्यानांत राहते. कोयती रोज घांसली जाते, धार लावून लावून पातें अरुंद होतें, आणि शेवटीं लोहाराच्या भट्टींत जाऊन त्याच लोखंडाचें दुसरें कांहीं होतें. जी वस्तु उत्तम कामास आली तीच मागें उरली नाहीं. यास्तव संग्राहकांनीं झिजलेलें पातें मिळालें तर तें टाकाऊ समजूं नये. त्याची लांबी, वजन, मुठीचें लांकूड व आकडीची बांधणी टिपून घ्यावी. तें कोणत्या लोहाराचें, त्यानें काय कापलें, व वापरणारा त्याच्या प्रत्येक भागास कोणतें नांव देतो हें त्याच्याच तोंडून लिहून घ्यावें. पातें झिजल्यावरहि शब्द लिहून ठेवितां येतो; मात्र शब्द जाणणारा गेल्यावर उरलेलें पातें मुकेंच राहतें.